छायाचित्राचा पुरावा आणि मोबाईलची जाहिरात

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला बोलावयास सांगितले तेव्हा विषय आमच्यावरच सोपविला होता. बँकेतला माणूस म्हणून आम्ही बचतीवर किंवा शैक्षणिक कर्जावर बोलू, अशी बहुतेकांची अपेक्षा असणार. त्या दोन्ही विषयांवर आम्ही मागे बोललो आहोत आणि ते किती जणांनी मनावर घेतले हे आम्हांला काउंटरवर रोज दिसतेच! तेव्हा यंदा असा विषय घेतला आहे की, जो या सभागृहातील जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईल फोनच्या कॅमेऱ्याविषयी कंपन्या जे सांगतात त्यात खरे किती आणि खोटे किती, हा तो विषय.

आम्ही तंत्रज्ञ नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि वीस वर्षांहून अधिक काळ बँकेत लिपिक म्हणून काम करीत आहोत. या विषयात शिरलो ते एका घरगुती कारणाने. ते आधी सांगतो.

२०२२ सालच्या पावसाळ्यात आमच्या मातोश्री गेल्या. मराठवाड्यातल्या एका लहान गावी दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी करण्यात आणि कापूस वेचण्यात त्यांचे आयुष्य गेले. आम्ही भावंडे त्यांना माय म्हणत असू. वर्ण काळा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, कपाळावर मधोमध गोंदणाचा हिरवट ठिपका आणि हनुवटीवर तीन. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी त्यांचा मोठा फोटो हवा होता. वर्षभरापूर्वी आमच्या चिरंजिवांनी हप्त्याने नवा फोन घेतला होता. (हप्ते अर्थातच आमच्या पगारातून.) खोक्यावर ठळक अक्षरांत १०८ मेगापिक्सेल असे छापलेले. त्याच फोनवर त्याने दिवाळीच्या सुटीत आजीचे फोटो काढले होते. त्यांपैकी एक निवडला, दुकानात देऊन मोठा करून घेतला आणि चौकट करून घरी आणला.

आमची थोरली बहीण गावाहून आली, फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ''अरे, ही कोण बाई? मायचं गोंदण कुठं गेलं?''

आम्ही चष्मा पुसून पाहिले. गोंदण नव्हते. हनुवटीवरचे तीन ठिपके पुसलेले, कपाळ गुळगुळीत, सुरकुत्या निम्म्या झालेल्या आणि रंग चार छटांनी उजळ. फोनच्या लहानशा पडद्यावर वर्षभर तोच फोटो आम्ही पाहत होतो आणि कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते. मोठा केल्यावर मात्र आमच्या मायच्या जागी तिच्यासारखी दिसणारी कोणी सुखवस्तू बाई चौकटीत बसली होती.

फोटो छापणारा म्हणाला, ''साहेब, जसा आला तसा छापला. ह्या फोनात ब्युटी मोड कंपनीकडूनच चालू येतो.'' आम्ही घरी येऊन फोन उघडून पाहिला. ते खरे होते. कोणी न सांगता, न विचारता ती सोय आधीपासून चालू होती आणि मूळ चेहऱ्याची प्रत फोनमध्ये कोठेही ठेवलेली नव्हती. १०८ मेगापिक्सेलचा तो फोटोही मोजला तर १२ मेगापिक्सेलचाच निघाला. ते कसे, हे पुढे येईलच.

शेवटी मायच्या पासबुकाच्या पिशवीत पासपोर्ट आकाराच्या दोन प्रती सापडल्या. निराधार योजनेचे खाते उघडताना तालुक्याच्या गावी काढलेल्या. त्यांतली एक मोठी करून घेतली. चित्र फुटले, दाणे दिसू लागले, एक डोळा किंचित मिटलेला. पण गोंदण होते. आज तोच फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे.

त्या फोनच्या कंपनीचे नाव आम्ही घेत नाही. एकीचे घेतले की बाकीच्या सुटतात. मात्र जी प्रकरणे जगजाहीर झाली आणि ज्यांत कंपन्यांनी स्वतः खुलासे केले, त्यांची नावे घ्यावयास हरकत नाही.

तत्पूर्वी एक मुद्दा आमच्या टेबलावरचा. बँकेत फोटो ही शोभेची वस्तू नव्हे. खाते उघडण्याच्या अर्जावर फोटो चिकटवून घेतो, त्याच्याशेजारी नमुना सही घेतो आणि पुढे दहा वर्षांनी कोणी पैसे काढावयास आले की त्या दोहोंवरून माणूस ओळखतो. म्हणजेच फोटो हा पुरावा आहे. अलीकडे असे अर्ज येतात की त्यांवरील फोटो आणि समोर उभा असलेला माणूस यांचा मेळ बसत नाही. पूर्वी दाढी वाढली, केस गेले, म्हणून मेळ बसत नसे. आता फोनने गाल गोरे केले, तीळ काढून टाकला म्हणून बसत नाही. परत पाठविला तर लोक आमच्यावरच रागावतात. ''फोटो चांगला आलाय की, काय वाईट आहे?'' चांगला आहे, पण तुमचा नाही, हे तोंडावर कसे सांगावे?

जाहिरातीचेही असेच आहे. एखाद्याने आपला चहा जगात सर्वांत उत्तम आहे असे म्हटले तर ती फुशारकी. ऐकणारा हसून सोडून देतो, फसत नाही. पण ''हा फोटो या फोनवर काढला आहे'' असे सांगून चित्र दाखविले की ते फुशारकीच्या पलीकडे जाते. तो नमुना झाला, नमुना सहीसारखा. गिऱ्हाईक त्यावर विसंबून पंधरा-वीस हजार रुपये मोजतो. आणि तो नमुनाच दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा असेल तर? खोट्या सहीच्या धनादेशाला आमच्याकडे जो शब्द आहे तोच येथे लावला पाहिजे.

२०१२ सालचे उदाहरण घ्या. त्या काळी नोकियाचे नाव आपल्याकडे घराघरांत होते. सप्टेंबरात कंपनीने ल्युमिया ९२० हा फोन न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला. हात हलला तरी चित्र हलू नये अशी भिंग स्थिर ठेवणारी योजना त्यात होती. ते दाखविण्यासाठी चित्रफीत केली : पाण्याकाठी एक तरुणी सायकल चालवीत आहे आणि शेजारून जाणारा तरुण फोनवर तिचे चित्रण करीत आहे. चित्रण अगदी स्थिर. परंतु ती एका वाहनावरून पुढे जात असताना त्याच्या काचेत प्रतिबिंब पडले आणि त्या प्रतिबिंबात पांढरी गाडी आणि तीत बसलेला, मोठा कॅमेरा घेतलेला माणूस दिसला! पत्रकारांनी ते पकडले. कंपनीने दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. चित्रीकरण त्या फोनवर झालेले नाही, तशी सूचना द्यावयास हवी होती, असे मान्य केले. रात्रीच्या काही स्थिर छायाचित्रांच्या बाबतीतही पुढे तेच निघाले. यातली खरी हळहळण्याजोगी गोष्ट अशी की तो फोन वाईट नव्हता. ती योजना खरोखर चांगले काम करीत होती आणि पुढे परीक्षकांनी तिची वाखाणणीही केली. खरा माल हातात असताना खोटा नमुना का दाखवावा? आमचा अंदाज असा की, खरा नमुना ''चांगला'' असतो आणि जाहिरातीला ''चांगला'' पुरत नाही.

२०१६ साली हुवावे कंपनीने आपल्या पी९ या फोनची ख्याती सांगताना सूर्यप्रकाशात उभ्या असलेल्या एका स्त्रीचे सुंदर छायाचित्र गूगल प्लसवर (ही सेवा २०१९ साली बंद झाली) प्रसिद्ध केले. आता, प्रत्येक अंकीय फोटोच्या पोटात एक लहानशी नोंद असते : कोणत्या कॅमेऱ्याने, कोणत्या भिंगाने, किती वाजता काढला. आमच्या बँकेच्या व्हाउचरवर जसा शिक्का आणि कारकुनाची आद्याक्षरे असतात तशीच ही नोंद. ती पुसायला कोणी विसरले. लोकांनी उघडून पाहिली तर कॅमेरा निघाला कॅनन ५डी मार्क ३, म्हणजे लग्नसमारंभात व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात तसला मोठा. कंपनीचे म्हणणे पडले की, हा फोटो या फोनवर काढला असे आम्ही म्हटलेलेच नव्हते. प्रेरणा म्हणून टाकला होता, मजकूर अधिक स्पष्ट हवा होता. शब्दशः ते बरोबरही असेल. पण वाचणाऱ्याने काय समजावे या हिशेबानेच ते शब्द जुळविलेले होते, हे कोणालाही कळेल.

याच कंपनीच्या नोव्हा ३ फोनची २०१८ सालची इजिप्तमधली जाहिरात तर अधिक मजेदार. त्यात एक तरुण जोडपे हात लांब करून स्वतःचे फोटो काढते. जाहिरातीतील अभिनेत्रीने चित्रीकरणाच्या वेळचा एक फोटो हौसेने इन्स्टाग्रामवर टाकला. त्यात नट हात लांब करून उभा आहे, हातात फोन नाही आणि समोर छायाचित्रकार मोठा कॅमेरा रोखून आहे! तिने तो लगेच काढून टाकला, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले.

सॅमसंगचे २०१८ हेच वर्ष पाहा. ब्राझीलमध्ये पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले म्हणून जे फोटो दाखविले ते चित्रसंग्रहातून विकत घेतलेले निघाले. मलेशियात गॅलेक्सी ए८ स्टारच्या जाहिरातीत एका स्त्रीचे छायाचित्र होते. ते सर्बियातील एका महिला छायाचित्रकाराने स्वतःचेच, मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले होते. चित्रसंस्थेमार्फत ते रीतसर विकत घेतले, पार्श्वभूमी बदलली आणि फोनची करामत म्हणून मांडले. ती बाई स्वतःच एक दिवस ते पाहून चकित झाली.

हे जुने झाले, आता कंपन्या शहाण्या झाल्या असतील, असे कोणी म्हणेल. तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये नथिंग कंपनीच्या फोन ३ बाबत हेच घडले. दुकानात गिऱ्हाइकाने हाताळून पाहावे म्हणून जो नमुना-फोन ठेवतात, त्यात ''आमच्या ग्राहकांनी या फोनवर काढलेली'' म्हणून जी चित्रे होती ती छायाचित्रकारांकडून विकत घेतलेली होती. त्यांतले एक तर तो फोन बाजारात येण्यापूर्वी दोन वर्षे दुसऱ्याच कॅमेऱ्याने काढलेले. तात्पुरती घातलेली चित्रे बदलावयाची राहून गेली, असा खुलासा झाला. चुका होतात, आम्हीही खात्यात चुकीची रक्कम टाकलेली आहे. फक्त आमची चूक कधी ग्राहकाच्या बाजूने तर कधी बँकेच्या बाजूने होते. यांच्या चुका नेहमी एकाच बाजूला पडतात, हे नवल आहे!

आता यापेक्षा सूक्ष्म प्रकाराकडे येतो. वरच्या साऱ्या उदाहरणांत चित्र दुसऱ्या कॅमेऱ्याचे होते. परंतु चित्र त्याच फोनचे असूनही ते खरे नसेल तर?

सॅमसंगने २०२० साली शंभरपट झूम असलेला फोन आणला आणि त्याला ''स्पेस झूम'' असे नाव दिले. त्यानंतरच्या फोनांवर लोकांनी चंद्राचे फोटो काढले, खड्डे आणि डाग स्पष्ट दिसले, सारे खूष झाले. मार्च २०२३ मध्ये एका हौशी माणसाने प्रयोग केला. चंद्राचे एक चांगले चित्र घेतले, ते लहान करून १७० बाय १७० ठिपक्यांवर आणले, वर आणखी धूसर केले; इतके की त्यात तपशील उरलाच नाही. ते संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीतले दिवे मालवले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून त्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने जो चंद्र दिला त्यात खड्डे होते! समोर नसलेले तपशील आले कोठून? कंपनीने सांगितले की, चित्रात चंद्र आहे हे फोन ओळखतो आणि चंद्राच्या पुष्कळ चित्रांवर शिकविलेली प्रणाली तपशील वाढविते. दुसरे चित्र वर चिकटविलेले नाही आणि ही सोय बंद करता येते. खुलासा प्रामाणिक मानू. चंद्र पृथ्वीला नेहमी एकच बाजू दाखवितो, त्यामुळे त्याचा चेहरा पाठ करणे सोपे. पण गिऱ्हाइकाची समजूत काय होती? आपल्या भिंगाने चंद्र पाहिला, अशी. प्रत्यक्षात फोनने पाठ केलेले उत्तर लिहिले होते. विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत याला काय म्हणतात ते तुम्ही जाणता.

फोनने चित्रावर काहीच करू नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. रात्रीच्या फोटोसाठी फोन एकामागून एक अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवितो आणि त्यातला गोंगाट कमी करतो. हे कष्टाचे, हुशारीचे काम आहे आणि ते समोरच्या दृश्यातूनच काढलेले आहे. चार वेळा मोजून एक बेरीज पक्की करण्यासारखे. मायचे गोंदण पुसणे ही बेरीज नव्हे, खाडाखोड आहे.

आता मेगापिक्सेलचा हिशेब, कारण दुकानात सर्वांत जास्त विक्री याच आकड्यावर होते. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ४८, ६४, १०८, २०० असे आकडे खोक्यावर असतात. सेन्सरवर तेवढे ठिपके असतातही. परंतु प्रत्येक ठिपका इतका बारीक की त्यात प्रकाश पुरेसा मावत नाही. म्हणून फोन शेजारचे ठिपके जोडून एक करतो. ४८ मेगापिक्सेलमध्ये चारांचा एक, म्हणजे १२. १०८ मध्ये बहुधा नवांचा एक, म्हणजे पुन्हा १२. २०० मध्ये सोळांचा एक, म्हणजे साडेबारा. आपण काही बदल न करता बटण दाबले की पदरात पडते ते एवढेच. पूर्ण आकड्याने फोटो काढण्याची सोय निराळी असते. ती उन्हात बरी, घरातल्या उजेडात नाही. आणि १२ मेगापिक्सेल काही कमी नव्हेत. ४००० बाय ३००० ठिपके, इंचाला ३०० प्रमाणे छापले तर सुमारे १३ बाय १० इंचाचा स्वच्छ फोटो. मग खोक्यावर १०८ कशाला? १०८ हा १२ पेक्षा मोठा आहे, एवढ्याचसाठी.

खरा फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. व्यावसायिक कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. २०१८ साली सोनीने फोनसाठी जो ४८ मेगापिक्सेलचा सेन्सर जाहीर केला त्याचा कर्ण ८ मिलिमीटर. क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मिलिमीटर. पावसाच्या पाण्याला परात आणि वाटी ठेवण्यातला हा फरक. वाटीत कितीही खण पाडले तरी पाणी वाटीभरच.

येथेही एक गंमत आहे. महागड्या फोनांत ''एक इंची सेन्सर'' असे अलीकडे सांगतात. पट्टी लावून पाहाल तर तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो, कर्ण सुमारे १६ मिलिमीटर. इंच तर २५.४ मिलिमीटरचा! ही नावे जुन्या दूरदर्शन कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या मापावरून पडली. नळ्या गेल्या, मापाचे नाव राहिले. हा कोणा एका कंपनीचा खोटेपणा नव्हे, साऱ्या धंद्याचीच ती रीत. पण कापडाच्या दुकानात मीटरला साठ-पासष्ट सेंटीमीटर कापड मिळाले असते तर आपण गप्प बसलो असतो का?

आणखी एक : मागे चार भिंगे असलेले स्वस्त फोन. त्यांतली दोन पुष्कळदा २ मेगापिक्सेलची, जवळचे पाहण्यासाठी आणि अंतर मोजण्यासाठी म्हणून बसविलेली. त्यांचा उपयोग मोजणीपुरता. याविषयी अधिक बोलत नाही.

रंगाविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे. सावळ्या माणसाचा फोटो नीट न येणे हे मोबाईलबरोबर आलेले नाही. रंगीत फिल्मच्या काळात छपाई जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे आणि तिच्यावरून त्या कार्डाला ''शर्ली कार्ड'' हे नाव पडले. तिची कांती बरोबर आली म्हणजे रंग बरोबर! काळा माणूस त्या फिल्मवर नुसता अंधार होत असे. कॅनडातील संशोधक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर लिहिलेल्या अभ्यासात नोंदविले आहे की, गडद रंगांतील बारकावे टिपण्यासाठी कंपनी हलली ती चॉकलेट आणि लाकडी सामान बनविणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. काळ्या चॉकलेटचे आणि शिसवी लाकडाचे फोटो नीट येत नव्हते म्हणून! काळ्या माणसांची तक्रार त्यांच्या कानी पडलीच नसावी.

त्या मानाने आज परिस्थिती सुधारत आहे, हेही सांगितले पाहिजे. गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले की, त्यांच्या पिक्सेल फोनांत चेहरा गुळगुळीत करणारी सोय आपोआप चालू राहणार नाही. ज्याला हवी त्याने लावावी, आणि तिला ''सौंदर्य'' असे नाव द्यावयाचे नाही. २०२१ च्या पिक्सेल ६ मध्ये सर्व वर्णांचे चेहरे जसेच्या तसे यावेत यासाठी खास काम केले. म्हणजे हे करता येते. न करणे हा कंपनीचा निर्णय असतो, तंत्राची अडचण नव्हे. आपल्याकडे २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातून ''फेअर'' हा शब्द काढला, पण ज्या फोनमधून मुली रोज स्वतःला पाहतात त्यातील बटण कित्येकींच्या हाती अजून चालूच आहे. पंधरा वर्षांची मुलगी दिवसातून दहा वेळा स्वतःचा उजळलेला चेहरा पाहते आणि मग आरशासमोर येते. आरसा खोटा वाटू लागतो. पंचशीलातले चौथे शील आपण सारे म्हणतो. ते म्हणताना ओठ आपले हलतात, पण खिशातले यंत्र आपल्या नावाने काय सांगत असते, याचाही विचार व्हावा असे आम्हांला वाटते.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, हे त्यात स्पष्ट केलेले आहे. वस्तूचे खोटे वर्णन त्यात येते, तशी महत्त्वाची माहिती मुद्दाम लपविणेही येते. अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्मात्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्या नटनट्यांनाही त्यातून सूट नाही. ९ जून २०२२ रोजी याविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत एक फार उपयोगाची गोष्ट आहे : खाली जी बारीक टीप देतात ती मूळ दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे आणि तिने मूळ दावा खोडून काढता कामा नये. मराठी जाहिरातीत वर मोठ्याने ''रात्रीलाही दिवस करणारा कॅमेरा'' आणि खाली मुंगीच्या अक्षरांत इंग्रजी टीप, हा प्रकार दिसला तर तो या सूचनांत बसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. बारीक अक्षरांचा धंदा आमच्या क्षेत्रातही चालतो, ते आम्ही नाकारीत नाही.

फसगत झालीच तर १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदविता येते. पुढे जावयाचे तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीला असले तरी. मुदत दोन वर्षांची. मात्र पावती हवी. आमच्या अनुभवाप्रमाणे येथेच सारे घोडे अडते. दोनशे रुपये वाचतील म्हणून बिल न घेता फोन आणणारे कमी नाहीत. खोके फेकू नये; त्यावर जे छापले आहे तोच कंपनीचा दावा. जाहिरात वर्तमानपत्रातली असेल तर कात्रण ठेवावे, फोनवर पाहिली असेल तर पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

दुकानातही थोडे धीराने घ्यावे. मांडलेल्या फोनमधली तयार चित्रे पाहू नयेत. आपण स्वतः फोटो काढावा, तोही झगझगीत दिव्याखाली नको. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, बरोबर आलेल्या माणसाचा. मग तो बोटांनी मोठा करून केस, भुवया, तीळ पाहावा. फोटोचा तपशील उघडून किती मेगापिक्सेलचा आहे ते वाचावे. विक्रेता घाई करील; करू द्यावी. आपण भाजीवालीकडे वांगे दाबून पाहतो, तेव्हा तिची घाई आपण कोठे जुमानतो? आमच्या चिरंजिवांनी आता मित्रांबरोबर फोन घ्यावयास जाणे हा धर्मच करून घेतला आहे. परवा एकाला त्याने दुकानातून परत आणले आणि साडेसहा हजार कमी किमतीचा फोन घ्यावयास लावले. आजीच्या फोटोविषयी तो आमच्याशी अजून बोललेला नाही, पण स्वतःच्या फोनमधले ते बटण त्याने त्याच दिवशी बंद केले, हे आम्ही पाहिले आहे.

वेळ संपत आला आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले. या भाषणानंतर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि मग सर्वांचा मिळून फोटो आहे. तो फोटो स्मरणिकेत छापला जाणार आहे आणि तो काढण्याचे काम आपल्याच एका विद्यार्थ्याकडे दिले आहे, असे आम्हांला सांगण्यात आले. त्याला आमची एक विनंती आहे. बाबा रे, मागच्या रांगेत आपल्या आजीबाई बसणार आहेत, त्यांच्या कपाळावर गोंदण आहे. बटण दाबण्यापूर्वी तेवढा ब्युटी मोड बंद करून घे.

 जयभीम.